पायाचं मी सांगायचो, खांद्याचं तू

हिराजीदादा,

आज रविवार. सवयीनं दहा वाजता तुझ्या बूथवर आलो आणि सवयीनंच काउंटरच्या आत खाली वाकून बघितलं. तू खालीच असायचास ना, तुझ्या बुटक्या स्टुलावर. बाहेरून फक्त डोकं आणि दोन खांदे दिसायचे. नव्या माणसाला वाटायचं, आत कोणी पैलवान खड्ड्यात उभा आहे. आज तिथं खुर्ची आहे आणि खुर्चीवर वहिनी. बाराव्यापर्यंत शटर खाली होतं, आज तिनं वर केलं. स्टूल तिनं टाकून दिलेलं नाही. आत केबिनमध्ये, टेलिफोनच्या फळीखाली सरकवून ठेवलंय.

मी आज मायला फोन लावला. काय बोलणं झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण एकदम सांगता येत नाही. तू मला ओळखतोस. नववीतून शाळा सोडलेला माणूस मी, एक ओळ लिहायला तीन खोडतो. जरा सावकाश येऊ दे.

तीन वर्षांपूर्वी परतूरकडच्या आमच्या खेड्यातून नेरूळला आलो तेव्हा चहूकडे बिल्डिंगी उठत होत्या. मी रंगाऱ्यांच्या टोळीत लागलो. भिंती जुन्या माणसांना, छत नव्या पोरांना, हा टोळीचा कायदा. लाकडी घोड्यावर चढायचं, मान मोडून वर बघायचं आणि पत्र्याच्या पट्टीनं छताला लांबी ओढायची. भेगा बुजून ती लांबी वाळली की तेच छत काचपेपरनं घासायचं. दिवसभर हात डोक्याच्या वर. सहाव्या महिन्यात उजवा खांदा ठणकायला लागला. आठव्या महिन्यात हात कानाच्या वर जाईना.

मी कुणालाच बोललो नाही. ज्याचा हात छताला पोचत नाही त्याला शेठ काय करतो, ते मी एका बिहारी पोराचं बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची पेटी जिन्याखाली आणून ठेवली होती. माझी पेटी तशी निघाली असती तर मी कुठं गेलो असतो? मायच्या दारात. आणि तिला काय सांगितलं असतं? "शाळा जमली नाही म्हणून कामाला गेलो, आता हातही गेला"?

म्हणून एका रविवारी तुझ्या केबिनमध्ये मी नेहमीसारखंच बोललो. "मी बरा हाय माय. काम हलकं हाय. जेवणखाण चांगलं हाय." तिकडं किराणा दुकानात फोन धरून ती ओरडत होती, "लई वाळलास का रे?" आणि मी हसत होतो.

बाहेर आलो तर तू पावती फाडता फाडता विचारलंस,

"डावखोरा हायस का रं?"

"नाही."

"मंग फोन डाव्या हातानं, दार डाव्या हातानं, घाम पन डाव्या हातानं पुसतंस. उजवा काय देवाला ठेवलास?"

मी पैसे मोजायला लागलो, डाव्याच हातानं.

"वर कर बगू."

केला. खांद्याच्या रेषेत आला आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला. तू डोळे बारीक करून बघत होतास, गिऱ्हाईक मासळीचे कल्ले बघतं तसं.

"आनी मायला सांगतंस, काम हलका हाय."

तेव्हा मला कळलं, तुझी प्लायवूडची केबिन नुसती नावाला आहे. तू कोणाचं ऐकत नसल्यासारखा बसायचास आणि सगळ्या वस्तीची सुखदुःखं तुझ्या कानावरून जायची.

"नाव काय तुजं?"

"मुंजा."

"मुंजा? पिंपलावरचा? मंग लगीन झाल्यावर काय म्हनायचं तुला?"

"मुंजाच. आमच्याकडं देव आहे तो. तुम्ही काय पण म्हणा."

"तुमी? यो तुमी कोन? मी एकटाच हाय हितं." मग हळूच म्हणालास, "उद्या सकाली सहाला ये. मागच्या दारानं."

मी आलो. करावे गावातलं तुझं घर, पुढची पडवी अडवून केलेला बूथ, मागं स्वयंपाक आणि मधली ती आठ बाय दहाची खोली. तिथं पहिल्यांदा तुला स्टुलावरून उतरलेला बघितला. तळवे जमिनीला टेकवलेस, अंग अलगद उचललंस आणि झोक्यासारखं पुढं नेऊन ठेवलंस. परत तळवे, परत झोका. पोलिओनं तुझे पाय तू तीन वर्षांचा असताना घेतले, हे मला वहिनीनं पुढं सांगितलं. तू त्यावर कधी बोलला नाहीस. एवढंच म्हणायचास की तुमच्या सगळ्यांचे खांदे आळशी असतात, कारण पाय त्यांचं काम करतात.

पहिले काही दिवस तू मला काही करूच दिलं नाहीस. वाकून उभं राहायचं, हात सैल सोडायचा आणि देवळातल्या घंटेसारखा हलू द्यायचा. मी मनात म्हणायचो, एवढ्यासाठी पहाटे उठून आलो का. मग एक दिवस म्हणालास, "आता भिंत."

तो दिवस आठवला की आजही हसू येतं आणि मग लगेच येत नाही.

"हात लाव भिंतीला. खांद्याच्या रेषेत. हां. आता पाय भिंतीला चिकटव. छाती भिंतीकडं ने. आता ढकल."

मी ढकललं. आधी नाक भिंतीला लागलं आणि मग सगळा मी उलटा मागं, थेट वहिनीच्या तांदळाच्या डब्यावर. डबा पडला, झाकण घरंगळत चुलीपाशी गेलं. वहिनी आतून आली, कमरेवर हात.

"अवो, पोराला मारताव का? पाय भिंतीला चिकटवून कोनी ढकलतं? तुमी जल्मात कदी उबं राहिलाव का, पाय कुटं ठेवायचं ते सांगायला!"

मला वाटलं, आता संपलं. वहिनीनंही जीभ चावली. आणि तू, दादा, तू जो हसायला लागलास तो थांबेनासच. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"खरा हाय तिचा. मना पायाचं काय ठावं?" मग माझ्याकडं वळून म्हणालास, "पायाचं तू सांग. खांद्याचं मी सांगतंय. दोघं मिलून एक मानूस होतंय का बगू."

त्या सकाळी आपण पाय शोधले. मी एक वीत मागं सरलो, मग दोन, मग हातभर. आणि मला उमगलं की पाय जेवढे मागं, तेवढा खांद्यांवर भार जास्त. मी सांगितलं तेव्हा तू दोन्ही तळव्यांनी जमीन थोपटलीस. "म्हंजे वजन पायात लपलेला हाय! मना वाटायचं, तुमचे पाय नुसते चालायला."

खांद्याचं मात्र तुला सगळं ठाऊक होतं. लहानपणी मुंबईच्या दवाखान्यात वर्षभर होतास, तिथं काही शिकलास, बाकी स्वतःच्या अंगावर. कुठला स्नायू कधी फसवतो ते तू माझी पाठ बघून सांगायचास. "पाठीवरचे फरे खाली खेच. खांदा कानाकडं चाललाय बग. कान आनी खांदा, दोघांचं भांडन हाय, लांब ठेव त्यांना." खाली जाताना घाई केली की परत पहिल्यापासून. "वर तं कोनी पन येतं. खाली हलू जा. ताकद उतरताना येते."

आणि तुझं ते मोजणं. एक नाही म्हणायचास तू. "लाभ, दोन, तीन…" तुझे वडील मिठागरावर मीठ मापायचे ते असंच, पहिल्या मापाला लाभ म्हणून. मी पहिल्यांदा ऐकलं आणि हात भिंतीवर तसेच ठेवून थांबलो. आमच्या खळ्यावर माय ज्वारी मापते तेव्हा पहिल्या पायलीला हेच म्हणते. घर सोडल्यापासून तो शब्द मी ऐकला नव्हता. तू विचारलंस, "काय झाला, दुखला?" मी म्हणालो, हो. ते खोटं होतं. आज सांगतो.

भिंतीवरून वहिनीचा ओटा, ओट्यावरून कॉटची कड, कॉटवरून जमीन, असे आपण महिन्यामहिन्यानं खाली उतरत गेलो. सरतेशेवटी दोन दोन विटा समोरासमोर मांडायचो. तुझ्या विटा, माझ्या विटा. विटांवर तळवे दाबून बूड जमिनीवरून उचलायचं. तू बोलत बोलत तीस करायचास आणि मी सहाला थरथरायचो.

"काय रं, तुला तं पाय हाईत, तरी एवढा जड?"

"पायांचंच वजन आहे दादा."

"मंग मना दे थोडा."

मधे मी घाण केली होती, तीही लिहितो. एका मोठ्या हॉलचं छत पुढच्या आठवड्यात एकट्यानं करायचं, असं शेठ बोलला आणि मला रात्रंदिवस तेच. तू जमिनीवर हात टेकवायला अजून परवानगी दिली नव्हती. मी खोलीवर गुपचूप जोर मारायला सुरुवात केली. पन्नास, साठ, झपाझप, न थांबता. तिसऱ्या दिवशी खांदा सुजून आला. शनिवार गेला, रविवार गेला. त्या रविवारी मी मायला फोनही केला नाही, कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडून होतो. सोमवारी तू तीनचाकी हातानं रेटत माझ्या चाळीपर्यंत आलास आणि खालूनच हाक मारलीस. अख्खी चाळ बाहेर आली.

"खांदा काय घोरा हाय रं, चाबूक मारून पलवायला? भ्यायला लागलास की घाई करतंस. घाई केलीस की मोडतंस. मंग अजून भितंस. यो चक्कर बंद कर, नाय तं उद्यापासून येऊ नको."

मी परत भिंतीपासून सुरू केलं. ते छत दोन जोडीदारांनी केलं, आणि शेठ मला काही बोलला नाही. मी उगाच मेलो होतो.

आपलं एक भांडण मात्र मिटलं नाही. दर रविवारी मी केबिनमधून बाहेर आलो की तुझं सुरू. "आज पन नाय सांगितलास मायला?"

"तिला घोर लागेल."

"लागू दे. घोर करायलाच माय असते. तिचं काम तू कशाला काढून घेतंस?"

"बरा झालो की सांगतो."

"बरा झाल्यावर सांगनार काय, बातमी?"

एकदा मी चिडलो. म्हणालो, तुम्हाला काय, तुमचं घर इथंच आहे. तू पावती फाडून हातात दिलीस. मलाच कळलं की मी तुला परत 'तुम्ही' म्हणालो.

खरं कारण मी तुला कधी सांगितलं नाही. खांद्याचं सांगितलं असतं तर तुझंही सांगावं लागलं असतं, आणि तुझं सांगायचं तर मी रडलो असतो, त्या फोनवर, जिथं किराणा दुकानातलं अर्धं गाव ऐकत असतं. म्हणून तीन वर्षांत मायला मी तुझं नावसुद्धा सांगितलं नाही. ज्यानं मला या गावात ठेवलं त्याचं नावच घरी गेलं नाही. हे मला फार लागतं दादा.

हात पहिल्यांदा सरळ वर गेला तो दिवाळीच्या आधी. एका फ्लॅटमध्ये मी घोड्यावर उभा होतो आणि माझ्या ध्यानातही आलं नाही, पट्टी छताला टेकलेली होती आणि दुखत नव्हतं. मी खाली उतरलो, परत चढलो, परत हात वर केला. संध्याकाळी धावत आलो तर तू म्हणालास, "आदी फोन उजव्या कानाला लावून दाखव." लावला. तू केबिनचं दार बाहेरून बंद केलंस आणि मी आत एकटा, लाइन न जोडलेला फोन उजव्या कानाला लावून उभा राहिलो. बाहेर तू नाक शिंकरत होतास.

तू स्वतःला कोणाला उचलू द्यायचा नाहीस. घराच्या दोन पायऱ्यांवरून तू रोज आपला आपण चढायचास-उतरायचास. गटाराच्या कामासाठी एकदा त्या पायऱ्याच काढल्या, मोठा खड्डा झाला. मी म्हणालो, दादा, आता माझ्या खांद्यात दम आहे, पाठीवर बस. तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस.

"तुला खांदे दिले ते मना उचलायला नाय. मेल्यावर उचल. तवा मी नाय म्हननार नाय."

आणि फळी मागवलीस, तळव्यांवर पलीकडं गेलास. मी फळी धरून उभा.

तू गेलास त्या दिवशी सकाळी सहाला मी मागच्या दारानं आलो होतो. दार उघडंच होतं आणि आत बायका बसलेल्या. ते सगळं मी लिहीत नाही. तिरडी उचलताना मी पुढं झालो, उजव्या बाजूला. खांद्यावर बांबू आला आणि मला धक्काच बसला. तू हलका होतास दादा. एवढा दमदार माणूस, आणि केवढा हलका. मी एवढे दिवस समजत होतो की तू जड आहेस. गावातून खाडीकडच्या स्मशानापर्यंत मी फरे खाली खेचून चाललो, कान आणि खांदा लांब. वाटेत वहिनीचा भाऊ दोनदा म्हणाला, "बदल, पोरा, दुसऱ्यांना पन देऊ दे." दुसऱ्यांदा दिला. तू असतास तर म्हणाला असतास, हावरा हाय.

आता आजचं.

वहिनीनं नंबर लावून दिला आणि मी केबिनमध्ये गेलो, फोन उजव्या कानाला. मायचा आवाज आला. "कामून रे, मागच्या ऐतवारी फोन नाही?" मी ठरवून आलो होतो. म्हणालो, माय, इथं एक हिराजीदादा होते. ते वारले. पुढं मला खांद्याचं सांगायचं होतं, सगळं, पहिल्यापासून. पण तिनं मधेच विचारलं.

"ते बूथवाले भाऊ गेले?"

मी विचारलं, तुला कसं माहीत?

"तू त्या एका ऐतवारी फोन केला नाहीस बघ. माझा जीव उडाला. दुकानदाराला म्हणलं, पोरानं दिलेला बूथचा नंबर लाव. त्यांनी उचलला, म्हणाले हिराजी बोलतो. मी रडायले तर म्हणाले, माय, रडू नको. पोराचा खांदा धरलाय, मी बघतो. पण तू त्याला इचारू नको. त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं पाहिजे, तवर तुला ठाव नाही असंच दाव." मग म्हणाली, "दोन वरीस झाले, मी दर ऐतवारी वाट बघायले, आज सांगतो का, आज सांगतो का."

दादा, म्हणजे तुला माहीत होतं की तिला माहीत आहे. तरी दर रविवारी भांडलास. मी समजत होतो तू तिच्या बाजूनं भांडतोस. तिचा घोर तर तू पहिल्याच दिवशी अर्धा केला होतास. तू भांडत होतास ते माझ्यासाठी, की हा पोरगा भ्यायचा कधी थांबेल. आणि मी थांबलो, तर बारा दिवस उशिरा.

मी केबिनमध्येच रडलो. माय फोन धरून होती, अर्धं गाव ऐकत असेल. ऐकू दे.

बाहेर आलो तेव्हा वहिनीनं पावती फाडली नाही. डाव्या हातानं उजवा दंड दाबत बसली होती. या दिवसांत भांडी, पाणी, माणसं, सगळं तिच्यावरच. मी विचारलं, वहिनी, दुखतंय का? तिनं मान हलवली. मी म्हणालो, वर कर बघू.

हात खांद्याच्या जरा वर आला आणि अडला.

"तुमच्या दोगांच्या विटा मी हलवल्या नाईत," ती म्हणाली. "पन मना पयल्यांदा भिंतच ना रं?"

उद्या सकाळी सहाला मी मागच्या दारानं येणार आहे. पाय कुठं ठेवायचे ते मला येतं, ते मी नीट सांगेन. खांद्याचं तुझ्यासारखं सांगता येईल का, याची काळजी लागलीय. चुकलो तर तांदळाचा डबा आहेच मागं. मोजायला मात्र लाभपासूनच सुरुवात करीन.

तुझा,
मुंजा